२५ डिसेंबर दोनदा आला, रिलीव्हर एकदाही नाही

(पोस्ट लांब आहे. ज्यांच्या घरचं कोणी बोटीवर आहे किंवा ज्यांचा मुलगा बोटीवर जायचं म्हणतोय, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.)

या आठवड्यात आपल्या किनाऱ्यावर गाडी लावायला जागा नाही. गुहागर, हर्णै, मुरुड, गणपतीपुळे, कुठेही जा, लॉज फुल्ल. चांगलंच आहे. चार पैसे गावात येतात, घरगुती खानावळी चालतात, सुरमईची थाळी मिळेल त्या भावाला खपते. आलेली मंडळी संध्याकाळी सूर्यास्ताचे फोटो काढतात. कधीकधी फोटोत लांब क्षितिजावर एक काळा ठिपका येतो. तो ठिपका म्हणजे बोट. तिच्यावर वीस-बावीस माणसं असतात आणि त्यांना सुट्टी नसते.

त्या वीस-बावीस जणांत आपल्या जिल्ह्यातलं कोणीतरी असण्याची शक्यता बरीच आहे. कोकणात बोटीवर जाणं नवीन नाही. सारंग, टिंडेल, सुखाणी, भंडारी हे शब्द आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना अजून माहीत आहेत, कारण कोणाचा आजा तरी त्या हुद्द्यावर होता. आज हुद्द्यांची नावं बदलली. सारंगाचा बोसन झाला, भंडाऱ्याचा चीफ कुक. देशात आज जवळपास तीन लाख खलाशी आणि अधिकारी आहेत. आपल्या देशाचा परदेशी व्यापार वजनाने मोजला तर सुमारे ९५ टक्के समुद्रातून होतो. तुमच्या हातातला मोबाईल, गाडीतलं पेट्रोल, शेतातलं खत, यातलं बरंच काही कोणीतरी बोटीवर जागून आणलेलं असतं.

मी सेकंड इंजिनियर आहे. यंदा घरी आहे. चौदा वर्षांच्या नोकरीत नाताळ ते नवं वर्ष घरी असण्याची ही चौथी वेळ. घरी असलो की एक प्रश्न हमखास येतो : "बोटीवर नाताळ म्हणजे मज्जाच असेल ना? पार्टी, दारू, फॉरेन?"

म्हटलं, एकदा नीट लिहूनच टाकावं.

डिसेंबर २०२२ ची गोष्ट सांगतो. आम्ही जपानमध्ये कोळसा उतरवला आणि रिकाम्या बोटीने कॅनडातल्या व्हँकुव्हरला धान्य भरायला निघालो. पाच होल्डची मध्यम आकाराची बल्क कॅरियर. बोटीवर बावीस जण. नऊ भारतीय, आठ फिलिपिनो, बाकी युक्रेन वगैरे देशांतले. जपान ते व्हँकुव्हर हे अंतर चार हजारांहून अधिक सागरी मैल. हवामान बरं असेल तर दोन आठवडे. डिसेंबरात उत्तर पॅसिफिकमध्ये हवामान बरं नसतं. एक वादळ मागे गेलं की दुसरं रांगेत उभं.

रिकामी बोट वादळात कशी वागते ते सांगतो. पुढचा भाग लाटेवर चढतो आणि खाली आपटतो. तेव्हा मागचा भाग वर येतो, पंखा पाण्याबाहेर येतो आणि इंजिन एकदम मोकळं पळायला लागतं. मग पंखा पुन्हा पाण्यात शिरतो आणि इंजिन दबतं. हे रात्रभर. आम्ही इंजिनचा वेग कमी करून तिला सांभाळतो. झोप म्हणजे लाइफ जॅकेट गादीच्या एका बाजूखाली कोंबायचं, गादीची घळ करायची आणि भिंतीला चिकटून पडायचं. ताटाखाली ओला टेबलक्लॉथ, नाहीतर वरण मांडीवर.

या असल्या हवेत करायचं काम कोणतं? होल्ड धुणं.

कोळसा उतरवला म्हणून होल्ड रिकामा झाला असं नसतं. काळी भुकटी प्रत्येक फटीत, प्रत्येक पट्टीवर, शिडीच्या प्रत्येक पायरीखाली बसलेली असते. आणि पुढचा माल आहे गहू, म्हणजे कोणाच्या तरी पोटात जाणारी वस्तू. कॅनडात धान्य भरण्याआधी तपासनीस होल्डमध्ये उतरतो, बॅटरी मारून कोपरे बघतो, पांढऱ्या कपड्याने भिंत पुसून बघतो. कोळशाचा डाग, गंजाचा सुटा पापुद्रा किंवा जुन्या मालाचा दाणा दिसला की बोट नापास. नापास बोटीला भाडं मिळत नाही. दिवसाला लाखो रुपयांचा प्रश्न असतो, आणि तो प्रश्न शेवटी झाडू हातात असलेल्या ओएसच्या पाठीवर येतो.

एकेक होल्ड म्हणजे पाच-सहा मजली इमारतीएवढा खड्डा. आधी खाऱ्या पाण्याच्या फवाऱ्याने धुवायचं, मग गंज खरवडायचा, मग गोड्या पाण्याने खंगाळायचं, मग तळाच्या खड्ड्यात साचलेला गाळ बादल्यांनी उपसायचा. गोडं पाणी आम्ही समुद्राच्या पाण्यापासून बनवतो, इंजिनच्या उष्णतेवर. दिवसाला पंधरा-वीस टन, तेही इंजिन नीट वेगात चाललं तर. वेग कमी केला की पाणी कमी. त्यामुळे डेकवाले मला रोज विचारायचे, "सेक, पाणी किती झालं?" आणि अंघोळीचं पाणी रेशनवर. डेकवर तापमान दोन-तीन अंश. भिजलेला माणूस वर आला की त्याची बोटं वळायची नाहीत.

मोठी लाट असताना होल्डची झाकणं उघडता येत नाहीत. म्हणजे दोन वादळांच्या मधल्या फटीत जेवढं होईल तेवढं काम उरकायचं. ती फट आम्हाला कधी मिळाली? बरोबर. २५ डिसेंबरला.

इथे एक गंमत आहे. पॅसिफिकच्या मध्यावर आंतरराष्ट्रीय वाररेषा आहे. पश्चिमेकडून पूर्वेकडे, म्हणजे जपानकडून अमेरिकेकडे, ती ओलांडली की तीच तारीख पुन्हा येते. उलट जाताना एक तारीख गायब होते. आम्ही ती रेषा २५ डिसेंबरला ओलांडणार होतो. म्हणजे त्या वर्षी आमच्या बोटीवर नाताळ दोन दिवस. तो वार रविवार होता, म्हणजे रविवारही दोन. कॅप्टनने नोटीस लावली : पहिल्या २५ ला हवा बरी आहे, सगळे हात होल्डमध्ये. दुसऱ्या २५ ला हवा बिघडणार आहे, तेव्हा नाताळ.

कोणी कुरकुर केली नाही. बोटीवर सण हवेच्या मर्जीने होतो हे सगळ्यांना माहीत असतं.

फिलिपिनो पोरांनी १६ तारखेपासूनच त्यांची नऊ दिवसांची प्रार्थना धरली होती. त्यांच्याकडे ती पहाटे चर्चमध्ये होते. इथे चर्च म्हणजे क्रू मेसचा कोपरा, आणि पहाट म्हणजे ज्याची वॉच संपेल ती वेळ. वेल्डिंगच्या सळ्या वाकवून त्यांनी चांदणीचा कंदील केला, त्याला रंगीत जिलेटिन लावलं. आमच्या भारतीय मंडळींना तो बघून दिवाळीचा आकाशकंदील आठवला. दिवाळीत आम्ही असाच एक टांगला होता आणि तेव्हा त्यांनी मदत केली होती. चीफ कुक गोव्याचा. त्याने सुक्या खोबऱ्याच्या नेवऱ्या केल्या, केक केला, आणि बटाटे एका हाताने धरून दुसऱ्या हाताने चिकन परतलं, कारण बोट तीस अंशांपर्यंत कलत होती. जेवण झालं, कॅरिओके झालं, एक एक बियर मिळाली. तासाभरात वॉचवाले आपापल्या जागी गेले. संपला नाताळ.

चीफ ऑफिसर ओडेसाचा होता. त्या डिसेंबरात त्याच्या शहरात हल्ल्यांमुळे वीज जात होती. तो कॅरिओकेला आला नाही. ब्रिजवर उभा राहून बायकोच्या मेसेजची वाट बघत होता. वादळात आम्ही होतो, पण घाबरलेला तो घरच्यांसाठी होता. त्याला कोणी काही विचारलं नाही. कुकने त्याचं ताट वर नेऊन दिलं.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

आमचा मोटरमन आपल्याच जिल्ह्यातला, माझ्या शेजारच्या तालुक्यातला. इंजिन रूममध्ये माझा उजवा हात. बाकीच्यांसमोर मला "सेकंड साब" म्हणायचा, दोघंच असलो की "दादा". त्याची बायको दिवसांत होती. त्याचं नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट १० डिसेंबरला संपत होतं. मार्चमध्ये घरून निघतानाच त्याने हिशेब केला होता : डिसेंबरच्या मध्यावर घरी, बाळंतपण महिनाअखेरीस. अगदी जुळलेलं.

जपानमध्ये रिलीव्हर आला नाही. ऑफिस म्हणालं, त्याची कागदपत्रं व्हायची आहेत, व्हँकुव्हरला नक्की. मग समजलं की कॅनडाचा व्हिसा नाही आणि सुट्ट्यांमुळे कामं पुढे ढकलली गेली आहेत. डिसेंबरचा हा नेहमीचा प्रकार आहे. विमानाची तिकिटं महाग, एजंटांची ऑफिसं अर्धी रिकामी, व्हिसाच्या तारखा जानेवारीत. जमिनीवर लोक सुट्टीवर गेले की बोटीवरच्या माणसाची सुट्टी पुढे जाते. इतकं सरळ गणित आहे.

मग एक कागद आला. त्यावर लिहिलं होतं की मी स्वेच्छेने माझ्या कॉन्ट्रॅक्टची मुदत वाढवून देत आहे.

स्वेच्छेने!

त्याने तो कागद माझ्यासमोर धरला आणि विचारलं, "दादा, सही नाही केली तर?" मी त्याला जे आहे ते सांगितलं. नऊ महिने अधिक-उणे एक, एवढंच कॉन्ट्रॅक्टमध्ये आहे. त्यापुढे थांबायचं की नाही हे त्याचं त्याने ठरवायचं. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार, ज्याला आम्ही एमएलसी म्हणतो, तो सांगतो की खलाशाला सलग बोटीवर ठेवण्याची मुदत बारा महिन्यांपेक्षा कमीच हवी, आणि हक्काची रजा धरली तर ती सर्वसाधारणपणे अकरा महिने मानली जाते. भारताने हा करार २०१५ मध्ये स्वीकारला. बोटीवर तक्रार करण्याची लेखी पद्धत आहे. व्हँकुव्हरला खलाशांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा, आयटीएफचा इन्स्पेक्टर असतो, त्याला फोन करता येतो. कॅप्टननेही ऑफिसला दोनदा मेल केला होता.

त्याने सगळं ऐकलं. मग म्हणाला, "आणि पुढच्या वेळी मला बोलावलं नाही तर?"

याचं उत्तर कोणत्याही करारात नाही. त्याने सही केली.

पहिला २५ डिसेंबर आम्ही होल्ड धुण्यात घालवला. रात्री बारा वाजता घड्याळं चोवीस तास मागे केली आणि दुसरा २५ सुरू झाला. सकाळी साडेनऊ वाजता तो इंजिन कंट्रोल रूममध्ये आला. मेहुण्याचा मेसेज होता : मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. घरी २६ तारखेची पहाट होती, तीन वाजले होते. आमच्याकडे अजून २५. तो हसून म्हणाला, "दादा, पोरगी उद्या झाली." मग दुसरा विनोद केला, "हा जो जादा दिवस मिळालाय, तो माझ्या कॉन्ट्रॅक्टमध्ये मोजणार का?" आम्ही हसलो. मग तो पंपांच्या मागे गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मी अलार्म पॅनेलकडे बघत बसलो.

त्या वेळी इंटरनेट महिन्याला ठरावीक एमबी मिळायचं. मुलीचा फोटो उतरायला वीस मिनिटं लागली. आधी टोपडं दिसलं, मग कपाळ, मग डोळे. मेसमधले सगळे त्या स्क्रीनभोवती उभे होते, नाताळचा खरा कार्यक्रम तोच झाला. (२३ डिसेंबर २०२४ पासून एमएलसीमध्ये दुरुस्ती लागू आहे. बोटीवर शक्य तिथे इंटरनेट द्यावं असं त्यात आता लिहिलं आहे. आता बऱ्याच बोटींवर व्हिडिओ कॉल होतो. हे चांगलं झालं, ते चांगलंच म्हणायचं.)

३१ डिसेंबरला रात्री बारा वाजता बोटीची घंटा सोळा वेळा वाजवली. एरवी वॉच संपताना आठ टोले असतात. वर्ष बदलताना आठ जुन्या वर्षाचे, आठ नव्याचे. मी खाली इंजिन रूममध्येच होतो, कारण अमेरिका-कॅनडाच्या किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांच्या आत कमी गंधकाचं इंधन जाळावं लागतं, आणि जड तेलावरून हलक्या तेलावर येण्याची तयारी सुरू होती. ते काम घाईत केलं तर गरम पंप अडकतात आणि वादळात इंजिन बंद पडतं. म्हणून हळूहळू, तापमान बघत बघत. हॅपी न्यू इयर टेलिफोनवर झालं.

व्हँकुव्हरला पोहोचलो तर इंग्लिश बेमध्ये नांगर टाकून थांबा. शहराचे दिवे समोर, इतके जवळ की रात्री रस्त्यावरची वाहतूक दिसायची. पण जमीन नाही. धक्का रिकामा झाला तेव्हा पाऊस. पावसात गहू भरता येत नाही, झाकणं बंद करावी लागतात. उघडा, भरा, ढग आले, बंद करा. असं दिवस-रात्र. धक्क्यावर खलाशांच्या मिशनची गाडी आली आणि प्रत्येकाला एक खोका मिळाला : विणलेली लोकरीची टोपी, मोजे, साबण, चॉकलेट, कोणा शाळकरी मुलाने काढलेलं शुभेच्छापत्र. नाताळाला खलाशांना असं काही देण्याची पद्धत जुनी आहे. न्यूयॉर्कच्या एका संस्थेसाठी लोक १८९८ पासून खलाशांकरता लोकरीचे कपडे विणत आले आहेत. आपण कधी न पाहिलेल्या माणसाने आपल्या डोक्याचा अंदाज घेऊन टोपी विणली, याचं बरं वाटतं. खोटं कशाला बोलू.

मोटरमन अखेर २० फेब्रुवारीला सिंगापूरला उतरला, बोट तेल भरायला थांबली तेव्हा. बोटीवर अकरा महिने आणि वर दहा दिवस. घरी पोहोचला तेव्हा मुलगी सत्तावन्न दिवसांची होती.

आता मला जे म्हणायचंय ते म्हणतो.

तुम्ही कधी मोठ्या बोटीच्या कुशीवर रंगवलेल्या आडव्या रेघा पाहिल्या असतील. बोट किती बुडेपर्यंत माल भरायचा, ते त्या रेघा सांगतात. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये मालक लोक वाटेल तेवढा माल कोंबायचे आणि बोटी माणसांसकट बुडायच्या. सॅम्युअल प्लिमसॉल नावाच्या खासदाराने त्याविरुद्ध रान उठवलं आणि १८७६ च्या कायद्याने ती रेघ सक्तीची झाली. आज जगभर हा नियम आहे. त्या रेघांत उन्हाळ्याची वेगळी आणि हिवाळ्याची वेगळी. हिवाळ्याची रेघ खाली असते, म्हणजे माल कमी भरायचा, कारण हिवाळ्यात समुद्र जास्त मारतो. आमच्यासारख्या बोटीला साधारण पंचवीस सेंटीमीटरचा फरक पडतो, पण तेवढ्यात हजार-दीड हजार टन माल सोडावा लागतो. मालक तो सोडतात. मुकाट सोडतात. कारण रेघ लोखंडावर रंगवलेली आहे आणि धक्क्यावरून कोणालाही दिसते.

माणसासाठीही रेघ आहे. चोवीस तासांत किमान १० तास विश्रांती, सात दिवसांत किमान ७७ तास. विश्रांतीचे दोनच तुकडे चालतील आणि त्यातला एक सलग सहा तासांचा हवा. मुदत संपली की स्वखर्चाने नव्हे, मालकाच्या खर्चाने घरी. पगार दर महिन्याला. हे सगळं लिहिलेलं आहे. पण ही रेघ कागदावर आहे आणि धक्क्यावरून दिसत नाही. होल्ड धुताना पोरगा किती तास उभा होता हे फक्त त्याला, बोसनला आणि रजिस्टरला माहीत असतं. आणि रजिस्टर छान दिसावं असं सगळ्यांनाच वाटतं.

थकलेल्या माणसाच्या हातून अपघात होतो. तो जखमी होतो, कधी दुसऱ्यालाही घेऊन जातो. हा प्रश्न खलाशाच्या रडगाण्याचा नाही, सुरक्षेचा आहे. लोखंडाला हिवाळ्याची सवलत आणि माणसाला "स्वेच्छेने"?

करोनात हे सगळ्या जगाने पाहिलं. २०२० च्या अखेरीस मुदत संपूनही सुमारे चार लाख खलाशी बोटींवर अडकले होते. तुमच्या घरी किराणा येत होता तो त्यांच्यामुळे. तेव्हा टाळ्या मिळाल्या. आणि तांबड्या समुद्रातलं गॅलॅक्सी लीडर आठवतं का? १९ नोव्हेंबर २०२३ ला हुथींनी पकडलं. पंचवीस जणांचा क्रू २२ जानेवारी २०२५ ला सुटला. म्हणजे दोन नाताळ कैदेत. त्यांचा त्या युद्धाशी काडीचा संबंध नव्हता, ते फक्त नोकरीवर होते.

संसदेने २०२५ मध्ये १९५८ चा मर्चंट शिपिंग कायदा बाजूला ठेवून नवा कायदा मंजूर केला. कायदा नवा आहे, ठीक. पण आपल्या पोरांना तो उपयोगी पडायचा तर घरच्यांना काही गोष्टी माहीत हव्यात. म्हणून थेट लिहितो.

एक. बोटीवर लावून देतो म्हणून कोणी पैसे मागत असेल, दोन लाख, तीन लाख, पाच लाख, तर तिथेच नमस्कार करा. नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून फी घेणं एमएलसीप्रमाणे चालत नाही. पासपोर्ट, सीडीसी, मेडिकल हा तुमचा खर्च. व्हिसाचा खर्च मालकाचा. आपल्या तालुक्यांत जमीन गहाण ठेवून, दागिने मोडून पैसे भरलेली घरं आहेत. मुलगा मग कुठल्या तरी गंजक्या टगवर परदेशी बंदरात पडलेला असतो.

दोन. एजंटाकडे आरपीएसएल लायसन्स आहे का, ते चालू आहे का, हे डीजी शिपिंगच्या वेबसाइटवर बघता येतं. पाच मिनिटांचं काम आहे. जमत नसेल तर मला मेसेज करा, मी बघून देतो.

तीन. बोटीवर चढण्याआधी करारनाम्याची सही केलेली प्रत मुलाच्या हातात आलीच पाहिजे. तिचा फोटो घरच्यांच्या मोबाईलमध्ये ठेवा. बोटीचं नाव, आयएमओ नंबर, झेंडा कोणत्या देशाचा, हे लिहून ठेवा. संकटात हेच पहिलं विचारतात.

चार. दोन महिन्यांचा पगार थकला तर करारानुसार ते खलाशाला सोडून दिल्यासारखंच धरलं जातं. घरी परत आणण्याचा खर्च आणि चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार यासाठी मालकाकडे विमा किंवा हमी असावी लागते. "पुढच्या महिन्यात देतो" यावर सहा महिने थांबू नका. २०२४ या एका वर्षात जगात तीन हजारांहून अधिक खलाशी असे वाऱ्यावर सोडले गेले आणि त्यात भारतीय फार मोठ्या संख्येने होते.

पाच. मुदतवाढीच्या कागदावर सही करायची की नाही, हे फोनवर घरच्यांशी बोलून ठरवा. ज्याला खरंच थांबायचंय त्याने खुशाल थांबावं. कर्ज असतं, घर बांधायचं असतं. पण नाइलाजाने करायची असेल तर निदान सहीखाली तारीख आणि "रिलीव्हर न आल्यामुळे" एवढे तीन शब्द लिहा. हे तीन शब्द पुढे कामाला येतात.

आणि आता आपल्या इथल्या साहेबलोकांसाठी आणि पुढाऱ्यांसाठी. माणूस बोटीवर असतो तेव्हा त्याच्या नावाने जमीन मोजणीची नोटीस येते, बँकेचं केवायसी येतं, रेशनचं ई-केवायसी येतं, आणि सगळीकडे "स्वतः हजर राहा". हा माणूस पॅसिफिकच्या मध्यावर आहे, कसा हजर राहील? त्याची आई नाहीतर बायको चार खेपा घालते आणि उद्या या, परवा या ऐकून परत येते. तिच्याकडे कुलमुखत्यारपत्र असलं तरी टेबलावरचा माणूस ते उलटसुलट करून बघतो. तहसील आणि बँकांनी अशा घरांसाठी महिन्यातला एक दिवस ठेवला तर काही बिघडणार नाही.

मतदानाचंही तेच. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान झालं तेव्हा मी बोटीवर होतो. सैन्यातल्या जवानाला टपाली मतदान आहे आणि ते असायलाच हवं. व्यापारी बोटीवरच्या खलाशाला नाही. ज्याचं मत मोजलं जात नाही त्याच्या प्रश्नावर सभेत कोण बोलणार? गणपतीला घरी आलेल्या चाकरमान्याच्या हातात हात देणारे पुढारी बोटीवाल्याच्या घरी कधी जातात ते मला तरी माहीत नाही. कोणी गेलं असेल तर सांगा, मी आनंदाने ही ओळ बदलतो.

मला ही नोकरी नको आहे असं कोणी समजू नका. याच नोकरीने घर उभं राहिलं, बहिणीचं लग्न झालं, आबांचं ऑपरेशन झालं. रात्री मधल्या समुद्रात डेकवर उभं राहून जे आकाश दिसतं ते आमच्या घाटीतूनही दिसत नाही. इंजिन नीट, एका लयीत चालत असेल तर पायाच्या तळव्यांना ते कळतं, आणि ते सुख मला अजून आहे. तरुण पोरांनी जरूर यावं. फक्त डोळे उघडे ठेवून आणि खिशात पावती नसलेला एजंट न ठेवता यावं.

मोटरमनची मुलगी आता तीन वर्षांची होते आहे. यंदा तो परत बोटीवर आहे, अटलांटिकमध्ये कुठेतरी. परवा त्याने व्हॉइस नोट पाठवली. म्हणाला, "दादा, रिलीव्हरचं तिकीट झालंय म्हणतात. जानेवारीची पाच तारीख." मी विचारलं, तिकिटाची कॉपी पाहिलीस का? म्हणाला, "मागितलीय."

तुमच्या घरचं, वाडीतलं, ओळखीतलं कोण आत्ता बोटीवर आहे? खाली लिहा. नाव आणि बोट लिहू नका, फक्त हुद्दा आणि समुद्र लिहा. आणि कॉन्ट्रॅक्ट संपून किती दिवस झाले तेही लिहा. ती यादी घेऊन जानेवारीत तहसीलदारांना आणि आमदारांना भेटायचं ठरवलंय. सोबत यायचं असेल त्यांनी सांगा.